भोकासमोर भोक: जुन्या जीपचा कॅम बुश घरी बसवताना

चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली की पुढचे पंधरा दिवस देवळाच्या अलीकडे-पलीकडे हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. ऊन डोक्यावर, इंजिन तापलेलं, गाडी पहिल्या गिअरात दहा हात पुढे जाते आणि पुन्हा उभी राहते. जुन्या इंजिनाची परीक्षा इथेच होते. मोकळ्या रस्त्यावर ऑईल मीटरचा काटा ज्या इंजिनात छान वर असतो, त्याच इंजिनात या गर्दीत, गाडी तापून नुसती उभी असताना, काटा शून्याकडे झुकायला लागतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वर येतो, सोडला की पुन्हा खाली. आतले बेअरिंग सैल झालेत आणि तेल दाब धरण्याआधीच फटींतून निसटतंय, असा त्याचा बहुधा अर्थ.

माझी जीप महिंद्राची सीजे-३बी, उंच बोनेटची. डहाणू-तलासरी पट्ट्यात चिकूच्या वाड्यांवर अशा काही जीपा अजून आहेत आणि त्यांचे मालक इंजिनाचं काम स्वतः करायला बघतात. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे परवान्यानं त्या इथेच बनवल्या. सीजे-३बीचं बोनेट उंच का, याचं कारण तिच्या ‘हरिकेन’ एफ-१३४ इंजिनात आहे. आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्टचे ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही उंच झालं. दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना हलवणारा कॅमशाफ्ट मात्र एकच, ब्लॉकच्या पोटात. त्याच्या बेअरिंगमधलं बदलता येणारं कडं म्हणजे कॅम बुश. पुढे जे लिहितो आहे ते या इंजिनाला धरून. डिझेल जीप, ट्रॅक्टर किंवा दुसरं कुठलं इंजिन असेल तर मापं त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या, इथली लावू नका. मारुती ८०० सारख्या गाडीत तर कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो आणि हेडच्याच धातूत फिरतो. तिथे बुश बदलणं हा विषयच नाही.

पहिली गोष्ट अशी, की काटा पडला म्हणून लगेच कॅम बुशावर संशय घेऊ नका. आधी दुसरं चांगलं मीटर लावून खात्री करा, कारण जुनी मीटरं खोटं बोलतात. मग ऑईल पंप, क्रँकचे मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग तपासा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्याच्यावर भारही कमी, म्हणून त्याचा बुश सगळ्यांत उशिरा झिजतो. पण क्रँक ग्राइंड करायला इंजिन उतरवलंच असेल आणि ब्लॉक रिकामा समोर असेल, तर कॅम बुश त्याच वेळी बघा. बुश स्वस्त आहे, आणि तो नंतर बदलायचा तर पुन्हा सगळं उघडावं लागतं. ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून आणणार असाल तर बुश बदलायचाच, असं आधीच धरून चाला. कॉस्टिक त्याच्या आतल्या मऊ थराला खातं.

आता या इंजिनाची एक खासियत. कॅमशाफ्टला चार बेअरिंग आहेत, पण वेगळा बुश फक्त पहिल्याला, म्हणजे रेडिएटरच्या बाजूच्या बेअरिंगला आहे. पोलादी पाठ आणि आत व्हाईट मेटलचा थर असा तो असतो. मागची तिन्ही बेअरिंग म्हणजे ब्लॉकच्याच बीडात केलेली गुळगुळीत भोकं. कॅमशाफ्टच्या जर्नलांची मापं पुढून मागे कमी होत जातात: सव्वादोन इंचाला अर्धा सूत कमी, मग सव्वादोनला एक सूत कमी, मग दोन इंचांवर अर्धा सूत, आणि शेवटचं एक इंच पाच सूत. शाफ्ट पुढून आत सरकवता यावा, म्हणून ही उतरंड. घरी बदलता येणारा बुश एकच, हे कळलं की कामाची भीती बरीच कमी होते. मागच्या तीनपैकी एखादं भोक झिजलं असेल तर मात्र ते काम घरचं नाही. ब्लॉक मशीन शॉपमध्ये न्यावा लागतो, तिथे भोक मोठं करून, बुश बनवून, चारही एका रेषेत बोअर करावे लागतात. आपल्याकडून वापी किंवा बोईसर जवळ. पण कारागीर निवडताना त्याच्याकडे बोअर गेज आहे का आणि तो ते वापरतो का, एवढं बघा. नुसत्या अंगठ्यानं फट सांगणाऱ्याकडे ब्लॉक सोडू नका.

म्हणून काहीही ठोकायच्या आधी मोजा. पहिल्या जर्नलचं माप २.१८५५ ते २.१८६० इंच असायला हवं. मायक्रोमीटर दोन ते तीन इंचांचा घ्या आणि एकाच जर्नलवर आडवं, उभं आणि दोन्ही टोकांना असं चार ठिकाणी मोजा. जर्नल अंडाकार झालं असेल किंवा त्यावर नखाला लागणाऱ्या रेघा असतील, तर नवा बुश घालून उपयोग नाही. खरबरीत शाफ्ट नव्या बुशाला थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. बुश आणि जर्नल यांत एक ते अडीच थाऊ फट हवी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवाल्याशी बोलताना हाच शब्द वापरा, मिलिमीटर आणि इंच यांची गल्लत होणार नाही. कॅमचे उंचवटेही बघा. टोक चपटं झालं असेल तर शाफ्टच बदला.

कॅमशाफ्ट बाहेर काढताना पहिल्यांदाच काम करणारे सगळे एकाच ठिकाणी अडकतात. पुढचं झाकण, टायमिंग गिअर, थ्रस्ट प्लेटचे बोल्ट, ऑईल पंप, सगळं निघतं, पण शाफ्ट बाहेर येत नाही, कारण टॅपेट कॅमवर बसलेले असतात. जोर लावू नका. व्हॉल्व्हच्या कप्प्यातून प्रत्येक टॅपेट वर ओढून धरा आणि त्याच्या दांड्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, पण जीपच्या जुन्या मॅन्युअलमध्येही चिमट्याचीच युक्ती दिलेली आहे. टॅपेट पूर्ण बाहेर काढणार असाल तर ज्या घरातला त्याच घरात परत जाईल असे क्रमानं मांडून ठेवा. झिजलेला टॅपेट दुसऱ्या कॅमवर गेला की दोघंही खराब होतात. टायमिंग गिअरच्या खुणा आणि ऑईल पंपाच्या शाफ्टची फट कुठल्या दिशेला आहे, याचे फोटो आधीच काढा. या इंजिनात ऑईल पंप कॅमशाफ्टवरच्या गिअरनं फिरतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंप एक दाता इकडे-तिकडे बसला की इग्निशनचं टायमिंग जागेवर सापडत नाही.

आता मुख्य काम.

जुना बुश काढण्याआधी ब्लॉकच्या तोंडाशी, बुशाच्या तेलाच्या भोकाच्या बरोबर रेषेत, टोकदार सळईनं एक बारीक रेघ ओढा. बुशाच्या कडेपासून भोक किती आत आहे तेही कॅलिपरनं मोजून लिहून ठेवा. सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं असं हे दोन मिनिटांचं काम आहे. ब्लॉकमधल्या वाटेनं दाबाखाली येणारं तेल बुशाच्या या भोकातूनच जर्नलला मिळतं. नवा बुश थोडा फिरून बसला आणि भोकासमोर भोक आलं नाही तर बुश उपाशी राहतो. मी एकदा दुसऱ्या एका जीपचं उघडलेलं इंजिन बघितलं होतं. बुश छान, नवा, कडेला एक ओरखडा नाही, पण भोक अर्ध्याहून जास्त झाकलेलं. व्हाईट मेटल वितळून जर्नलला चिकटलं होतं. बसवणाऱ्यानं ठोकण्याचं काम नीट केलं होतं, फक्त बघितलं नव्हतं.

जुना बुश पुढच्या बाजूला काढायचा. आतून त्याच्या कडेवर टेकेल असा पितळी किंवा ॲल्युमिनिअमचा ठोकणा घ्या आणि सगळीकडून थोडं थोडं ठोका, एकाच बाजूनं नाही. बुशाची कड ब्लॉकमध्ये पंचनं दाबून अडकवलेली असते, ती जागा आधी मोकळी करा. छिन्नीनं बुश फाडायचा मोह होतो. पण छिन्नी घसरली तर ब्लॉकच्या भोकावर खाच पडते आणि नवा बुश तिथे कायमचा उंचावर बसतो. मी छिन्नी वापरत नाही.

भोक रिकामं झालं की ब्लॉक धुवायचा. डिझेलनं धुवा, मग साबणाच्या गरम पाण्यानं, तेलाच्या प्रत्येक वाटेत लांब ब्रश घाला आणि हवा मारा. ब्लॉकच्या पुढच्या तोंडाशी टायमिंग गिअरवर तेल सोडणारी छोटी जेट आहे, तिचं भोक अगदी बारीक, तेही मोकळं करा. पुसायला गॅरेजमधला वेस्ट घेऊ नका, त्याचे धागे तेलाच्या वाटेत जातात. जुन्या सुती लुगड्याचं धुतलेलं फडकं यासाठी उत्तम. आणि आपल्याकडे एक काळजी जास्तीची: खाऱ्या हवेत धुतलेलं उघडं बीड एका रात्रीत तांबूस होतं. सुकलं की ताबडतोब तेलाचा हात फिरवा आणि प्लास्टिकनं झाका. हे काम एप्रिल-मे मध्ये करा. पाऊस लागल्यावर उघडा ब्लॉक पडवीत ठेवू नये. धुतलेलं काळं डिझेल आणि जुनं तेल डब्यात जमवा आणि जुनं तेल घेणाऱ्याला द्या. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला तो इथल्या वाड्या, ओहोळ आणि खाड्यांसाठी. आपलं इंजिन धुतलेलं पाणी त्याच ओहोळात उतरतं.

बुश बसवण्याचं हत्यार विकत घ्यायची गरज नाही, लेथवाल्याकडून करून घ्या. एक पायरीचा मँड्रेल: त्याचं नाक बुशाच्या आतल्या मापापेक्षा तीन-चार थाऊ कमी, लांबी बुशापेक्षा किंचित कमी, आणि खांदा बुशाच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा लहान, म्हणजे तो ब्लॉकच्या भोकाला घासणार नाही. मधून आरपार भोक. आता हातोड्यानं ठोकण्याऐवजी मी सांगतो ते करून बघा. आटे पाडलेला लांब रॉड घ्या. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचं बशीसारखं प्लग काढलेलं असतंच. रॉड चारही भोकांतून आरपार घाला, मागच्या बाजूला जाड पट्टी आणि नट, पुढे मँड्रेल, वॉशर आणि नट. मधल्या भोकांत नायलॉनचे किंवा सागाचे गोल तुकडे करून घातले की रॉड बरोबर मधोमध राहतो. वॉशरला ग्रीस लावा आणि पाव-पाव फेरा आवळत बुश आत ओढा. हातोड्याचा घाव थोडाही तिरका पडला की बुश तिरका घुसतो. रॉड मधोमध असला तर तिरकं जायला वावच राहत नाही. शिवाय दर पाव फेऱ्याला थांबून बघता येतं.

त्याआधी ब्लॉकच्या भोकाच्या कडेवरचा बारीक उंचवटा स्क्रेपरनं हलकेच काढा, नाहीतर तो बुशाच्या पाठीचा पापुद्रा सोलतो आणि तो पापुद्रा मागे अडकतो. बुश पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर फायदा होतो, पण तो केवढा ते समजून घ्या. या व्यासाचा पोलादी बुश उणे अठरा अंशांपर्यंत गार झाला तर साधारण सव्वा थाऊ आकसतो. तेवढ्यानं तो आपोआप घसरत आत जात नाही, फक्त सुरुवात सोपी होते. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं, ते पुसा, पाठीला तेलाचं बोट फिरवा आणि मिनिटाभरात कामाला लागा.

बुशाच्या पुढच्या कडेवर भोकाच्या रेषेत मार्करनं खूण करा. ही खूण आणि ब्लॉकवरची रेघ एकमेकांसमोर आणा. पहिले दोन-तीन फेरे आवळून थांबा, खूण सरकली का बघा. सरकली असेल तर याच क्षणी बाहेर काढून पुन्हा लावा. अर्धा आत गेल्यावर फिरवायचा प्रयत्न केला तर बुश वाया जातो. बुशाची पुढची कड ब्लॉकच्या तोंडाशी बरोबर सपाट झाली की थांबायचं. बाहेर राहिला तर थ्रस्ट प्लेट नीट बसणार नाही, जास्त आत गेला तर भोक पुढेमागे होईल.

मग तपासणी, आणि ही घाईत करायची नाही. टॉर्च धरून भोकातून बघा. ब्लॉकच्या वाटेत तारेचा आकडा घाला, तो बुशाच्या भोकातून अडखळल्याशिवाय बाहेर आला पाहिजे. शेवटी तेलाच्या वाटेत तेलाच्या डबीनं तेल दाबा आणि बुशाच्या आत थेंब येतो का बघा. तिन्ही चाचण्या झाल्या की मगच बुशाची कड मूळ जशी होती तशी पंचनं ब्लॉकमध्ये अडकवा. जीपच्या या बुशाचे सुट्या भागांत मिळणारे नग तयार मापाचे येतात, त्यांना बसवल्यावर रीमर मारायचा नसतो. मशीन शॉपमध्ये सवयीनं रीमर उचलला जातो, तेव्हा समोर उभे राहा. मात्र पाकिटावरच्या मापावर विसंबू नका, बसवल्यानंतर बोअर गेजनं मोजाच. बुश आत दाबला की आतलं माप थोडं कमी होतं.

शाफ्ट आत घालायच्या वेळी ब्लॉक शेपटीवर उभा करा, तोंड वर. आडव्या ब्लॉकमध्ये शाफ्ट सरकवताना त्याचं वजन बुशावर पडतं आणि कॅमच्या कडा नव्या व्हाईट मेटलवर ओरखडे काढतात. शाफ्टच्या नाकावर लांब बोल्ट लावला की तो मुठीसारखा धरता येतो. सगळ्या जर्नलांना भरपूर तेल, कॅमच्या उंचवट्यांना मोलीचं पेस्ट, आणि हळूहळू फिरवत खाली सोडा. पूर्ण बसल्यावर दोन बोटांनी फिरला पाहिजे. जड वाटला तर जोरानं फिरवून ‘बसवू’ नका. बाहेर काढा, जर्नलला निळीचा अगदी पातळ हात द्या, आत घालून एक फेरा फिरवा आणि बुशात कुठे निळं लागलं ते बघा. तिथे बेअरिंग स्क्रेपरनं केसभर काढा. पॉलिश पेपर कधीच नाही. त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि जर्नलला कानसेसारखे घासत राहतात. कुठेही चुकार जागा नाही, सगळीकडूनच घट्ट आहे, असं दिसलं तर स्क्रेपर खाली ठेवा आणि पुन्हा मापं घ्या.

थ्रस्ट प्लेट लावून गिअर आवळला की डायल गेजनं शाफ्टची पुढेमागे हालचाल मोजा. चार ते सात थाऊ हवी. कमी असेल तर स्पेसर आणि शाफ्टचा खांदा यांच्यामध्ये दोन थाऊची शिम टाका. जास्त असेल तर थ्रस्ट प्लेट झिजली आहे, ती बदला. टायमिंग गिअरच्या खुणा समोरासमोर. मागचं बशीसारखं प्लग नवंच, सीलंट लावून, सपाट ठोकून बसवा. ते विसरलं किंवा सैल राहिलं तर तेल थेट क्लचवर उतरतं, आणि ते कळतं गाडी चढावर घसरायला लागल्यावर, म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची वेळ आल्यावर.

इंजिन परत बसलं की चावी मारायची घाई होते. थांबा. ऑईल पंप बसवतानाच तेलानं भरून घ्या. पहिला सिलिंडर खरंच दाबाच्या फेऱ्यात वर आहे का, हे प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून ठरवा आणि त्यानुसार पंप-डिस्ट्रिब्युटर जुळवा. फायरिंग १-३-४-२. मग चारही प्लग काढून ठेवा, इग्निशन तोडा आणि स्टार्टर थोडा थोडा मारत ऑईल मीटरचा काटा हलेपर्यंत इंजिन फिरवा. काटा हलला नाही तर चालू करू नका, कारण शोधा. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर चालू झाल्याबरोबर दीड-दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवा, आयडलवर सोडू नका. कॅमला तेल उडून मिळतं ते क्रँक जोरात फिरल्यावरच. पाणी आणि तेल गळतंय का हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, तुम्ही मीटरवर नजर ठेवा. थंड झाल्यावर तेल आणि फिल्टर बदला. पहिल्या तेलात बारीक चमक दिसते, ती थोडी असणं साहजिक आहे. पापुद्रे दिसले तर समप उघडावाच लागेल.

पहिले काहीशे किलोमीटर माल भरू नका. माझी जीप मी पहिल्यांदा कासा आणि तिथून सायवनच्या रस्त्यानं रिकामीच नेली. चढ संपल्यावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, बाजूला उभी करून आयडलवर पाच मिनिटं ठेवली आणि काटा कुठे थांबतो ते वहीत लिहिलं. तोच आकडा पुढच्या जत्रेत, देवळासमोरच्या गर्दीत, पुन्हा बघायचा आहे.